अमेरिका दोन्ही महायुद्धांत उशिरा का उतरली हे वहीच्या तीन कॉलममध्ये कसं बसवायचं

परवा अभ्यासिकेत एका मुलीने विचारलं, दादा, अमेरिका महायुद्धाच्या आधी अलिप्त होती असं नोट्समध्ये लिहिलंय, मग नेहरूंनी अलिप्ततावाद अमेरिकेकडून घेतला का? बाजूचे दोघंतिघं हसले, पण मला तो प्रश्न फार महत्त्वाचा वाटला, कारण गोंधळ तिचा नाहीये, शब्दांचा आहे. मराठी नोट्समध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टींना आपण सरसकट 'अलिप्तता' म्हणून मोकळे होतो आणि मग पुढचं सगळंच एकमेकांत मिसळतं. म्हणून जागतिक इतिहासातला हा भाग मी ज्या पद्धतीने शिकवतो ती इथे लिहून ठेवतोय. यूपीएससीला मराठीतून बसणाऱ्यांना उपयोगी पडेल, आणि ज्यांना नुसतंच समजून घ्यायचंय त्यांनाही.

एक वही घ्या, दोन समोरासमोरची पानं उघडी ठेवा, आणि पेन्सिल. बाकी काही लागत नाही.

आधी शब्द वेगळे करा

पानाच्या वर तीन शब्द लिहा. तटस्थता, अलगतावाद, अलिप्ततावाद.

तटस्थता ही कायद्यातली स्थिती आहे. दोन देश लढतायत, तिसरा लढत नाहीये, मग त्या तिसऱ्याचे काही हक्क असतात (उदाहरणार्थ समुद्रावर व्यापार करण्याचा) आणि काही बंधनं असतात (उदाहरणार्थ आपल्या जमिनीवरून कुणाला लष्करी मोहीम काढू न देणं). अलगतावाद हा राजकीय कल आहे, म्हणजे युरोपच्या भांडणात आणि करारमदारात आपण अडकायचं नाही हा विचार. आणि अलिप्ततावाद हा शीतयुद्धातला, दोन गटांपैकी कुणाच्याच दावणीला न बांधता स्वतःचं मत ठेवायचं, तो नेहरू नासर टिटोंचा, त्याचा या टॉपिकशी संबंध नाही. तिसरा शब्द खोडून टाका. आता पहिल्या दोघांत गल्लत करायची नाही. १९१४ ते १९१७ मध्ये अमेरिका कायद्याने तटस्थ होती पण व्यापारात नखशिखांत गुंतलेली होती. आणि अलगतावाद म्हणजे दारं लावून घरात बसणं असंही समजू नका, कारण याच काळात अमेरिकेचे सैनिक १९१५ ला हैतीत उतरले, १९१६ ला मेक्सिकोत घुसले, आणि १९२४ ला जर्मनीच्या युद्धभरपाईची घडी बसवायला डॉझ योजना आली तीही अमेरिकन पैशाच्या जोरावर. नको होतं ते युरोपातलं युद्ध आणि युरोपशी कायमची बांधिलकी, तेवढंच.

या सवयीचं मूळ थोडक्यात लिहा, चार ओळींच्या वर जाऊ नका. १७९३ ला वॉशिंग्टनने फ्रान्स-ब्रिटन युद्धात तटस्थता जाहीर केली, १७९६ च्या निरोपाच्या पत्रात कायमच्या मैत्रीकरारांपासून लांब राहायला सांगितलं, १८०१ ला जेफरसनने तेच म्हटलं, १८२३ ला मन्रोने युरोपला सांगितलं तुम्ही इकडे येऊ नका आम्ही तिकडे येत नाही. दोन बाजूंना दोन महासागर. एवढं पुरे. पोरं इथेच दीड पान भरतात आणि मुख्य भागाला जागाच उरत नाही.

पहिला कॉलम: १९१४ ते १९१७ मध्ये पाय कुठे कुठे अडकला

आता डाव्या पानावर कॉलम आखा. इथे तारखांची माळ लिहायची नाही, तर अमेरिका ज्या चार गोष्टींमुळे युद्धात ओढली गेली असं नंतर लोकांना वाटलं त्या चार गोष्टी लिहायच्या. कर्ज, दारूगोळा, प्रवासी, व्यापारी जहाजं. प्रत्येकाखाली तीनचार ओळी सोडा.

कर्ज. ऑगस्ट १९१४ मध्ये परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन याने स्पष्ट भूमिका घेतली की लढणाऱ्या देशांना अमेरिकन बँकांनी कर्ज देणं तटस्थतेच्या भावनेत बसत नाही. वर्षभरात ती भूमिका गळून पडली. ऑक्टोबर १९१५ मध्ये मॉर्गन बँकेच्या पुढाकाराने ब्रिटन आणि फ्रान्सला ५० कोटी डॉलरचं कर्ज उभं राहिलं, आणि १९१७ येईपर्यंत मित्रराष्ट्रांना दिलेलं कर्ज साधारण २३० कोटी डॉलरवर गेलं तर जर्मनीला दिलेलं ३ कोटींच्याही आतच राहिलं. आता सांगा, कुणाचं जिंकणं कुणाला परवडणार होतं?

दारूगोळा. कायद्याने अमेरिका दोन्ही बाजूंना माल विकायला मोकळी होती. पण ब्रिटनच्या आरमाराने जर्मनीची समुद्रावरून नाकेबंदी केलेली, म्हणजे दुकान सगळ्यांना उघडं पण दुकानापर्यंत यायचा रस्ता एकालाच मोकळा. जर्मनीचं म्हणणं हेच होतं की ही कसली तटस्थता, आणि त्या म्हणण्यात तथ्य होतंच.

प्रवासी. इथे जरा थांबा कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ७ मे १९१५ ला आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवलं, ११९८ माणसं गेली, त्यातली १२८ अमेरिकन. जहाज न्यूयॉर्कहून सुटलं त्या दिवशीच्या सकाळच्या पेपरात जर्मन दूतावासाची जाहिरात होती की ब्रिटिश जहाजातून युद्धक्षेत्रात जाल तर स्वतःच्या जबाबदारीवर जा. आणि जहाजात प्रवाशांच्या सामानाबरोबर काडतुसंही होती. अध्यक्ष विल्सनने जर्मनीला कडक खलिते पाठवले. ब्रायनचं म्हणणं पडलं की दारूगोळा नेणाऱ्या जहाजाने प्रवाशांच्या आड लपू नये, आणि जर्मनीला जेवढं खडसावता तेवढंच ब्रिटनच्या नाकेबंदीलाही खडसवा. ते ऐकलं गेलं नाही तेव्हा जून १९१५ मध्ये त्याने राजीनामा दिला. एका तत्त्वासाठी परराष्ट्रमंत्रिपद सोडणारा माणूस आपल्या नोट्समध्ये एका ओळीचाही मानकरी नसतो याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण वीस वर्षांनी झालेले कायदे बघाल तर त्यात त्याचंच म्हणणं जवळजवळ जसंच्या तसं दिसतं.

माझ्या पहिल्या टेस्ट पेपरात मी लिहिलं होतं की लुसिटानिया बुडालं म्हणून अमेरिका युद्धात उतरली. तपासणाऱ्या सरांनी लाल पेनाने बाजूला फक्त दोन तारखा लिहिल्या, ७ मे १९१५ आणि ६ एप्रिल १९१७. मध्ये २३ महिने. त्या २३ महिन्यांत काय झालं हेच तर उत्तर आहे! जर्मनीने मे १९१६ मध्ये शब्द दिला की सूचना न देता व्यापारी जहाजं बुडवणार नाही, विल्सन त्याच वर्षी 'यांनी आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं' या घोषणेवर काठावरची निवडणूक जिंकला, २२ जानेवारी १९१७ ला त्याने सिनेटमध्ये विजयाशिवायच्या शांततेचं भाषण केलं, आणि नऊच दिवसांनी जर्मनीने कळवलं की १ फेब्रुवारीपासून पाणबुड्या कुणालाही सोडणार नाहीत. अमेरिका येईल हे त्यांना माहीत होतं, ती पोचायच्या आत ब्रिटनची उपासमार होईल असा त्यांचा हिशोब होता. त्यात जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमनची तार, म्हणजे जर्मनीने मेक्सिकोला केलेली ऑफर की अमेरिकेशी युद्ध झालंच तर आमच्याबरोबर या आणि टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना परत मिळवा. १ मार्चला ती पेपरात आली, आणि खुद्द झिमरमननेच ती खरी असल्याचं कबूल केलं.

व्यापारी जहाजं. मार्च १९१७ मध्ये अमेरिकेने आपल्या व्यापारी जहाजांवर तोफा चढवल्या, त्याच महिन्यात जहाजं बुडाली, २ एप्रिलला विल्सन युद्ध पुकारायची मागणी घेऊन काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोर गेला. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६, हाउसमध्ये (म्हणजे प्रतिनिधीगृहात) ३७३ विरुद्ध ५०. त्या ५० मध्ये एक मत जेनेट रँकिनचं होतं, मोंटानाची, अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून आलेली पहिली बाई. हे नाव वहीत चौकोनात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि उतरल्यावरही अमेरिकेने स्वतःला मित्रराष्ट्र म्हणवून घेतलं नाही, 'सहयोगी सत्ता' असा शब्द वापरला. वॉशिंग्टनच्या निरोपाचा धाक १२१ वर्षांनी तेवढा शिल्लक होता.

मधली फट

दोन कॉलमच्या मध्ये दोन बोटं जागा सोडा. तिथे लिहायचं, लोकांना काय वाटायला लागलं. साधारण १ लाख १६ हजार अमेरिकन सैनिक गेले. सिनेटने व्हर्सायचा तह १९१९ ला आणि पुन्हा १९२० ला फेटाळला. युरोपने घेतलेली कर्जं थकली (फिनलंड तेवढा फेडत राहिला). मंदीत घराघरात चूल थंड. आणि १९३४ ते १९३६ मध्ये नॉर्थ डकोटाचा सिनेटर जेरल्ड नाय याच्या समितीने शस्त्रांचे कारखानदार आणि बँकवाले यांची सुनावणी घेतली, त्यांनी केवढा नफा कमावला ते उघड्यावर आणलं. 'मृत्यूचे व्यापारी' हा शब्द तेव्हा घरोघरी झाला होता. समितीने नफा दाखवला, पण बँकवाल्यांनीच देशाला युद्धात ढकललं हे ती सिद्ध करू शकली नाही, उत्तरात हा फरक जरूर लिहा. लोकांनी मात्र तो फरक केला नाही. १९३७ च्या गॅलप पाहणीत सुमारे ७० टक्के लोकांनी म्हटलं की १९१७ ला युद्धात जाणं ही चूक होती.

दुसरा कॉलम: कायदे

आता उजवं पान. इथेच या पद्धतीची खरी गंमत आहे आणि इथेच मला स्वतःला हा टॉपिक पहिल्यांदा कळला. तटस्थतेचे कायदे पाठ करायचे नसतात, ते डावीकडच्या चार गोष्टींना दिलेलं उत्तर म्हणून वाचायचे असतात. प्रत्येकापासून डावीकडे बाण काढा.

कर्ज: १९३४ च्या जॉन्सन कायद्याने कर्ज थकवलेल्या सरकारांना नवीन कर्ज बंद, १९३६ च्या तटस्थता कायद्याने लढणाऱ्या कुणालाच कर्ज नाही. दारूगोळा: ३१ ऑगस्ट १९३५ चा कायदा, लढणाऱ्या दोन्ही बाजूंना शस्त्रविक्री बंद. प्रवासी: १९३५ ला सांगितलं की लढणाऱ्यांच्या जहाजातून जाल तर तुमच्या जबाबदारीवर जा, १९३७ ला तसा प्रवासच बेकायदा केला. व्यापारी जहाजं: अमेरिकन जहाजांनी लढणाऱ्यांना शस्त्रं न्यायची नाहीत, आणि १९३७ पासून लढणाऱ्यांशी व्यापार करणाऱ्या जहाजांवर तोफाही नकोत. शस्त्रं सोडून बाकी काही माल घ्यायचा असेल तर रोख पैसे द्या आणि स्वतःच्या जहाजातून न्या, ते 'कॅश अँड कॅरी'.

बाण काढून झाले की लांबून बघा. चारच्या चार कप्पे बंद! लुसिटानिया पुन्हा होऊ नये याची पुरेपूर तजवीज. या लोकांना मूर्ख किंवा भेकड म्हणणारी पुस्तकं मला आवडत नाहीत. ज्यांनी मुलं गमावली होती त्यांनी अतिशय विचारपूर्वक, एकेक भोक शोधून बुजवलं होतं. फक्त त्यांनी बुजवलेली भोकं १९१७ ची होती आणि येणारं युद्ध वेगळं होतं.

वेगळं कसं, ते उजव्या पानाच्या खाली तीन उदाहरणांनी लिहा. १९३५ ला इटलीने इथिओपियावर हल्ला केला, कायद्याने दोघांनाही शस्त्रं बंद. पण इटलीकडे स्वतःचे कारखाने होते आणि इथिओपियाकडे नव्हते, शिवाय तेल शस्त्रांच्या यादीत नव्हतं त्यामुळे इटलीला अमेरिकन तेल मिळतच राहिलं. स्पेनमध्ये १९३६ ला यादवी सुरू झाली, जानेवारी १९३७ मध्ये काँग्रेसने खास ठराव करून तिथेही बंदी घातली, बंडखोरांच्या फ्रँकोला हिटलर आणि मुसोलिनीकडून विमानं येत होती आणि निवडून आलेल्या सरकारला अमेरिकेतून काहीच नाही. तिसरं चीन. जुलै १९३७ ला जपानने चीनवर मोठा हल्ला केला, पण दोघांनीही रीतसर युद्ध जाहीर केलेलं नव्हतं, ती पळवाट धरून अध्यक्ष रूझवेल्टने कायदा लावलाच नाही, कारण लावला असता तर चीनचाच पुरवठा तुटला असता. मारणारा आणि मार खाणारा यांना एकाच तराजूत तोलणारा कायदा प्रत्यक्षात मारणाऱ्याच्याच बाजूला झुकतो, हे तिन्हीकडे दिसतं. रूझवेल्टला पहिल्यापासून हवं होतं की हल्लेखोर कोण ते बघून बंदी घालायची मुभा अध्यक्षाला असावी, काँग्रेसने ती दिली नाही. विल्सनला अशी मुभा होती आणि काय झालं ते बघितलंय, असा तिकडचा रोख.

लोकांची मनःस्थिती किती ताणलेली होती याला एक उदाहरण घाला. १२ डिसेंबर १९३७ ला नानजिंगजवळ यांगत्से नदीत जपानी विमानांनी पॅनाय ही अमेरिकन गनबोट बुडवली. स्पेनशी युद्ध झालं त्या १८९८ सारखं वातावरण असतं तर दुसऱ्या दिवशी युद्ध. इथे उलट लडलोने सुचवलेल्या घटनादुरुस्तीला जोर आला, तिचं म्हणणं असं की देशावर थेट हल्ला सोडून कुठल्याही युद्धात जायचं तर आधी जनतेचं मतदान घ्या. १० जानेवारी १९३८ ला हाउसमध्ये ती चर्चेला आणायची की नाही यावर मत झालं, २०९ विरुद्ध १८८ ने ती अडली, म्हणजे २१ मतांनी वाचलं. जपानने माफी मागितली, भरपाई दिली, प्रकरण मिटलं.

तिसरा कॉलम: गाठी कशा सुटत गेल्या

पान उलटा आणि त्याच चार गोष्टी पुन्हा लिहा, आता उलट्या दिशेने (प्रवाशांचा कप्पा इथे रिकामाच राहील). आधी रूझवेल्टचं एक वाक्य. ऑगस्ट १९१४ ला विल्सनने लोकांना सांगितलं होतं की कृतीनेच नाही, विचारानेही निःपक्षपाती राहा. ३ सप्टेंबर १९३९ ला रेडिओवर रूझवेल्ट म्हणाला की हा देश तटस्थ राहील पण प्रत्येक अमेरिकन माणसाने मनानेही तटस्थ राहावं असं मी सांगू शकत नाही. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली तर उत्तराला जी उंची येते ती दहा तारखांनी येत नाही.

दारूगोळ्याची गाठ आधी सुटली. ४ नोव्हेंबर १९३९ च्या कायद्याने शस्त्रविक्रीची बंदी उठली, पण रोख पैसे आणि स्वतःची वाहतूक या अटीवर, आणि अमेरिकन जहाजांना युद्धक्षेत्रात जायला मनाई. आता यातलं एक दृश्य सांगतो, पोरांना हे सांगितलं की टॉपिक विसरत नाहीत. कॅनडा तेव्हा युद्धात होता. अमेरिकेत तयार झालेली लष्करी विमानं कॅनडाला द्यायची, पण अमेरिकन वैमानिक ती उडवत सीमेपलीकडे नेऊ शकत नाही, कायदा आडवा येतो. मग १९४० च्या हिवाळ्यात विमानं नॉर्थ डकोटामधल्या पेम्बिना गावाजवळ उतरवायची आणि तिथून दोरखंड बांधून, घोडे जुंपून, बर्फावरून ओढत कॅनडातल्या एमर्सनच्या बाजूला न्यायची. दोन इंजिनांचं बॉम्बर विमान आणि पुढे घोडे! याचे फोटो आहेत. पलीकडे गेलं की कॅनडाचे लोक ते उडवत घेऊन जायचे. नाय याच नॉर्थ डकोटाचा सिनेटर होता हे लक्षात घ्या, म्हणजे त्याने ज्या कायद्यासाठी जीव टाकला तो कायदा त्याच्याच राज्यातल्या शेतातून अक्षरशः ओढून पलीकडे नेला जात होता. कायदा मोडलेला नाही, पाळलेलाही नाही. पुढची दोन वर्षं या एका चित्रात येतात.

जून १९४० ला फ्रान्स पडला आणि वेग वाढला. २ सप्टेंबर १९४० ला जुन्या ५० विनाशिका ब्रिटनला, बदल्यात न्यूफाउंडलंडपासून त्रिनिदादपर्यंत तळांच्या जागा, भाडेपट्टी ९९ वर्षांची. १६ सप्टेंबरला शांतताकाळातली पहिली सक्तीची लष्करभरती. तरीही ३० ऑक्टोबरला बोस्टनमध्ये निवडणुकीच्या भाषणात रूझवेल्ट आईबापांना सांगतो की तुमची मुलं परदेशी युद्धात पाठवली जाणार नाहीत. माझं मत विचाराल तर हे वाक्य त्याने बोलायला नको होतं, त्याला तेव्हा कळत होतं की वारं कुठे चाललंय.

कर्जाची गाठ सुटली ती लेंड-लीजने, म्हणजे पैसे आधी न मागता युद्धसाहित्य द्यायच्या कायद्याने. डिसेंबर १९४० ला ब्रिटनकडचे डॉलर संपत आले, तेव्हा रूझवेल्टने पत्रकारांना साधं उदाहरण दिलं की शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर आपण त्याला बागेचा पाइप देतो, पाइपचे पैसे आधी टाक म्हणत नाही, आग विझली की पाइप परत घेतो. ११ मार्च १९४१ ला कायदा झाला, सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३१, पहिली तरतूद ७०० कोटी डॉलरची. व्यापारी जहाजांची गाठ शेवटी, नोव्हेंबर १९४१ ला, जहाजांवर तोफा चढवायला आणि युद्धक्षेत्रात जायला परवानगी, सिनेटमध्ये ५० विरुद्ध ३७. हे आकडे वाचताना लक्षात ठेवा की ३१ ऑक्टोबरला रूबेन जेम्स ही अमेरिकन विनाशिका जर्मन पाणबुडीने बुडवून शंभरच्या आसपास नौसैनिक मेले होते. त्यानंतरही ३७ सिनेटर विरोधात! जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला त्याच्या महिनाभर आधी!

आणि १२ ऑगस्ट १९४१. न्यूफाउंडलंडजवळ जहाजावर रूझवेल्ट आणि चर्चिल अटलांटिक सनदेचा मसुदा पक्का करतायत, म्हणजे तटस्थ देशाचा अध्यक्ष लढणाऱ्या देशाच्या पंतप्रधानाबरोबर बसून युद्धानंतरचं जग कसं असावं ते ठरवतोय, आणि त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये हाउस लष्करभरतीची मुदत वाढवायचं बिल पास करतं २०३ विरुद्ध २०२ ने. एका मताने. वहीत या तारखेला गोल करा.

विरोध करणारे कोण होते

इथे सगळ्यांना एकाच पोत्यात भरू नका. मिडवेस्टचे शेतकरी आणि त्यांचे पुरोगामी सिनेटर, ज्यांचा राग ईस्टकडच्या बँकांवर होता. जर्मन आणि स्कँडिनेव्हियन वंशाची गावं. आयरिश लोक, ज्यांना ब्रिटनसाठी लढायचंच नव्हतं. चर्चचे शांततावादी, समाजवादी नॉर्मन थॉमस, आणि दुसऱ्या टोकाला मोठे उद्योगपती. सप्टेंबर १९४० ला अमेरिका फर्स्ट कमिटी निघाली ती येलच्या लॉच्या विद्यार्थ्यांच्या डोक्यातून, सुमारे ८ लाख सभासद झाले. तिचा सगळ्यात मोठा वक्ता वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग याने ११ सप्टेंबर १९४१ ला डे मॉइनमध्ये ब्रिटिश, ज्यू आणि रूझवेल्टचं सरकार हे तिघे देशाला युद्धात ढकलतायत असं भाषण केलं, त्याच्यावर देशभरातून टीका झाली आणि चळवळीला लागलेला तो डाग कधी गेला नाही. ज्यूद्वेष करणारे त्यात होते हे लिहा, आणि सगळे तसे नव्हते हेही लिहा. उत्तरात दोन्ही वाक्यं हवीत.

आपल्याकडचे धागे

हे फक्त अमेरिकेचं प्रकरण नाहीये. तटस्थतेच्या कायद्याखालचा अमेरिकेतला एक फार गाजलेला खटला आपल्याच लोकांवर चालला. परदेशातल्या हिंदी क्रांतिकारकांच्या गदर पार्टीचं केंद्र सॅन फ्रान्सिस्कोत होतं, १९१५ ला जर्मन पैशाने घेतलेली शस्त्रं ॲनी लार्सन जहाजातून कॅलिफोर्नियाहून निघाली, दुसऱ्या जहाजाशी ठरलेली भेट चुकली आणि जूनमध्ये वॉशिंग्टन राज्यात ती पकडली गेली. अमेरिका स्वतः युद्धात उतरल्यावर नोव्हेंबर १९१७ ला सॅन फ्रान्सिस्कोत खटला उभा राहिला, आरोप काय तर तटस्थ अमेरिकेच्या भूमीवरून ब्रिटिश हिंदुस्थानाविरुद्ध मोहीम काढायचा कट. एप्रिल १९१८ ला भर कोर्टात गदरचे पुढारी रामचंद्र यांना एका सहआरोपीने गोळी घातली आणि त्याला तिथल्या तिथे मार्शलने मारलं. याच गदरमधले तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे, शिकायला अमेरिकेला गेलेले, १९१४ ला परतले, मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला कर्तारसिंग सराभांबरोबर फासावर गेले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्यातून वाचले आणि पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ झाले. त्या वेळची अमेरिका ब्रिटनला दारूगोळा विकत होती आणि ब्रिटनविरुद्ध बंदुका नेणाऱ्यांवर तटस्थतेच्या नावाने खटला भरत होती. कायद्यात ते बसतं, सरकारला विकणं वेगळं आणि मोहीम काढणं वेगळं. पण पिंगळ्यांच्या बाजूला उभं राहून बघा, तटस्थता या शब्दाचा अर्थ किती बदलतो ते.

दुसरा धागा अटलांटिक सनद. तिसऱ्या कलमात म्हटलंय की आपलं सरकार निवडायचा हक्क सगळ्या लोकांना आहे. ९ सप्टेंबर १९४१ ला चर्चिलने पार्लमेंटमध्ये सांगितलं की हे नाझींच्या टाचेखालच्या युरोपसाठी आहे, हिंदुस्थानला लागू नाही. वर्षभरात मुंबईत गवालिया टँकवर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

उत्तर लिहिताना

समजा प्रश्न आला, १९३५ ते १९४१ मधली अमेरिकेची तटस्थता हे तत्त्व होतं की सोय, २५० शब्द. सुरुवात अशी करून बघा: 'अमेरिकेचे १९३५ ते १९३७ चे तटस्थता कायदे हे १९१७ च्या अनुभवाला दिलेले उत्तर होते. कर्ज, शस्त्रव्यापार, प्रवास आणि जहाजवाहतूक या ज्या चार वाटांनी युद्ध अमेरिकेपर्यंत आले असे जनमत होते, त्या चारही वाटा कायद्याने बंद केल्या गेल्या. १९३९ नंतर त्यातल्या तीन वाटा एकेक करून उघडल्या गेल्या.' पन्नासच्या आत शब्द आणि पुढचा सगळा आराखडा परीक्षकाला दिसला. मग चार छोटे परिच्छेद, प्रत्येकात एक कायदा आणि तो कुठे तोकडा पडला त्याचं एक उदाहरण.

पर्ल हार्बरबद्दल 'अचानक' हा शब्द जपून वापरा. हल्ला अचानक होता, वैर अचानक नव्हतं. जुलै १९४१ ला जपान इंडोचायनाच्या दक्षिणेत घुसल्यावर अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि ऑगस्टपासून तेल बंद झालं, जपानचं बहुतेक तेल अमेरिकेतूनच यायचं. रूझवेल्टला हल्ला आधीच माहीत होता वगैरे यूट्यूबवरच्या गोष्टी उत्तरात आणू नका, पुराव्यावर त्या टिकत नाहीत. आणि एक हमखास चूक, अमेरिकेने जर्मनीवर आधी युद्ध पुकारलं असं लिहितात. ८ डिसेंबरला अमेरिकेने युद्ध पुकारलं ते फक्त जपानशी. ११ डिसेंबरला जर्मनी आणि इटलीने अमेरिकेविरुद्ध पुकारलं, मग त्याच दिवशी अमेरिकेने उत्तर दिलं.

८ डिसेंबरचं हाउसमधलं मत ३८८ विरुद्ध १ असं लिहा, आणि तो चौकोन शोधा जो मघाशी काढायला सांगितला होता. ते एक मत पुन्हा जेनेट रँकिनचं. मधली वीसबावीस वर्षं ती काँग्रेसमध्ये नव्हती, १९४० ला पुन्हा निवडून आली होती. मत दिल्यावर लोक इतके खवळले की तिला टेलिफोनच्या बूथमध्ये शिरून दार लावून घ्यावं लागलं, पोलिसांनी तिला तिथून तिच्या ऑफिसात पोचवलं.

आता वही मिटा आणि कोऱ्या कागदावर ते चार शब्द, कर्ज, दारूगोळा, प्रवासी, जहाजं, लिहून तिन्ही कॉलम आठवणीने भरा, जिथे अडाल तेवढंच परत वाचा, दोन दिवसांनी पुन्हा करा.